तिची रायफल विमानातून गेली तेव्हा

माझ्या बायकोने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा रायफल हातात घेतली आणि सत्तावन्नाव्या वर्षी तिची स्वतःची रायफल घेऊन आम्ही दोघं पहिल्यांदा विमानात बसलो. यातली कुठली गोष्ट जास्त नवलाची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती इथल्या एका सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. रक्त काढणं हे तिचं काम. ज्यांची शीर सापडत नाही अशी म्हातारी माणसं, सुकलेली पोरं, सगळी तिच्या टेबलाकडे पाठवतात. मी रेल्वेतून रिटायर झालो. मूळचा वर्ध्याकडचा, नोकरीने रायपूरला आलो. तिचं माहेर मात्र इथलंच, तात्यापारा या रायपुरातल्या जुन्या मराठी वस्तीतलं, पाच-सहा पिढ्यांचं. लग्नानंतर आम्हीही तात्यापाऱ्यातच राहिलो. इतकी वर्षं एका घरात काढल्यावर माणूस आपल्याला ठाऊक आहे असं वाटतं. मलाही वाटत होतं.

एका रविवारी मी विजेचं बिल शोधत कपाट उघडलं. तिच्या साड्यांच्या खाली जाड कागदाचा एक गठ्ठा होता. प्रत्येक कागदावर मधे काळा गोल आणि त्या गोलात बारीक बारीक भोकं. मी गठ्ठा घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ती भाजी चिरत होती.

"हे काय आहे?"

"कागद आहेत."

"ते दिसून राहिलं मले. याले भोकं काहून आहेत?"

"मी पाडली," ती म्हणाली आणि पुढची भेंडी घेतली.

मग हळूहळू कळलं. सहा महिन्यांपूर्वी शहराबाहेरच्या एका शूटिंग रेंजवर खेळाडूंच्या तपासणीचं शिबिर होतं, दवाखान्याकडून हिला पाठवलं होतं. दुपारी काम आटोपल्यावर तिथले कोच, फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ, गमतीने म्हणाले, दीदी, आप भी चलाकर देखिए. हिने चालवून पाहिली. त्यानंतर दर शनिवारी ती 'बहिणीकडे जाऊन येते' म्हणून जी जात होती, ती रेंजवर जात होती.

"मले सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही हसले असते."

मी हसलो असतो, हे खरंच होतं. मी गठ्ठा परत साड्यांखाली ठेवून आलो.

पुढच्या चार वर्षांत आमच्या घरात बरंच सामान आलं. ताडपत्रीसारखं कडक जाकीट, ज्याची बटणं लावायला मला तिच्या मागेपुढे फिरावं लागतं. सपाट तळाचे, बदकाच्या पायासारखे बूट. आणि एका लांब काळ्या पेटीत, स्पंजाच्या खाचांमध्ये निजलेली रायफल. ही हवेच्या दाबावर चालणारी रायफल. नळीखाली एक सिलिंडर असतो, त्यात दाबून हवा भरतात, आणि त्या हवेने शिशाचा मसुराच्या दाण्याएवढा छर्रा दहा मीटरवरच्या कागदावर जातो. लायसन्स लागत नाही, पण दिसायला ती पूर्ण रायफल. मी तिला कधी हात लावला नव्हता. भीतीपेक्षा संकोच म्हणा. दुसऱ्याच्या देवघरातल्या वस्तूंना आपण हात लावत नाही तसं.

बंगलोरला असलेल्या मुलीने फोनवर मला सांगून पाहिलं, "बाबा, मम्मी को समझाओ ना, इस उमर में कंधा निकल जाएगा." मी म्हटलं, तूच समजाव. तिने समजावलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि शनिवारी रेंजवर गेली.

मग दिल्लीच्या स्पर्धेसाठी राज्यातून तिची निवड झाली. पन्नाशीवरच्या स्त्रियांचा गट होता. मी म्हटलं, आपल्याजवळ रेल्वेचा पास आहे, आरामात झोपून जाऊ. तिने कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवलं. दवाखान्यातून चारच दिवसांची सुटी मिळत होती, त्यातले दोन गाडीत गेले तर हात सैल करायला वेळ कुठला. "विमानानं जाऊ," ती म्हणाली. मी आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडायच्या खात्यात काम केलेला माणूस. मला ते जरा लागलं, पण तिकिटं मीच काढली.

रायपूरच्या माना विमानतळावर आम्ही विमानाच्या साडेतीन तास आधी पोहोचलो. सकाळची वेळ, ऊन कोवळं होतं. पेटी मी उचलली होती, कारण ती जड होती आणि नवऱ्याने जड वस्तू उचलायची अशी आपली सवय. दारावरच्या जवानाने विचारलं, "इसमें क्या है?"

"रायफल," मी म्हणालो. जरा हळूच म्हणालो. तरी मागच्या रांगेतलं एक कुटुंब एक पाऊल मागे सरकलेलं मला जाणवलं. जवानाने कागद पाहिले, पेटी बाहेरून पाहिली आणि आत सोडलं. काउंटरवरच्या मुलीला आमच्या आधीच कोणीतरी कळवलं असावं. तिने एक फॉर्म माझ्यासमोर सरकवला. "सर, लिखकर दीजिए कि वेपन अनलोडेड है. यहाँ साइन."

"मेरी नहीं है," मी म्हणालो. "इनकी है."

मुलीने माझ्या बायकोकडे पाहिलं. बायकोच्या अंगावर त्या दिवशी निळी सुती साडी होती, हातात पोळ्यांचा डबा असलेली कापडी पिशवी. मुलीने फॉर्म उचलून तिच्यासमोर ठेवला आणि पेनही दिलं. बायकोने चष्मा लावून पूर्ण फॉर्म वाचला, एकेक ओळ, आणि मग सही केली.

थोड्या वेळाने सुरक्षेचे एक अधिकारी आले. चाळिशीतला, मिशा कोरलेला माणूस, बोलायला सभ्य. आम्हाला बाजूच्या खोलीत नेलं. तिथे एक लांब टेबल होतं. मी पेटी त्यावर ठेवली. अधिकारी मला म्हणाले, "अंकल, खोलिए."

मी पुन्हा म्हटलं, इनकी है. ते तिच्याकडे वळले. "आप चलाती हैं?"

"हव," ती म्हणाली.

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण त्या एका छत्तीसगढी शब्दाने थोडा उतरला. पण तपासणी त्यांनी सोडली नाही, आणि सोडायलाही नको होती. तिने पेटीचे चार खटके उघडले. मी भिंतीशी उभा होतो. इतके दिवस ही रायफल माझ्या घरात होती, पण ती उलगडताना मी नीट उभं राहून कधी पाहिलं नव्हतं. घरी ती रायफल काढायची तेव्हा मी पेपर वाचत असे किंवा बाजारात गेलेला असे.

तिने आधी नळीतून आरपार घातलेली केशरी दोरी दाखवली. दोरी दोन्ही बाजूंनी दिसते, याचा अर्थ नळी रिकामी आहे. मग मागचा खटका उघडून छर्ऱ्याची जागा दाखवली. मग सिलिंडर फिरवून वेगळा काढला. नेम धरायची बारीक छिद्राची चकती वेगळ्या डबीत होती, तीही उघडली. हे सगळं ती न बोलता करत होती, आणि प्रत्येक वस्तू टेबलावर ठेवताना आवाज होत नव्हता. लॅबमध्ये ती काचेच्या नळ्या ठेवते तशी.

अधिकाऱ्यांनी सिलिंडर हातात घेतला. त्याच्या टोकाला दाब दाखवणारं छोटं घड्याळ असतं. त्यांनी ते खिडकीकडे नेऊन पाहिलं.

"काँटा ज़ीरो पर नहीं है."

मी पुढे झालो. खरंच काटा शून्याच्या केसभर वर होता. भरलेला सिलिंडर विमानात चालत नाही, हे आम्हाला माहीत होतं. तिने आदल्या दिवशी तो रिकामा केला होता, मी फस्स असा आवाजही ऐकला होता.

"यह काँटा यहीं बैठता है," ती म्हणाली. "खाली है."

"मैडम, मैं कैसे मान लूँ? दो सौ लोग बैठेंगे जहाज़ में."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सिलिंडरशिवाय रायफल म्हणजे नुसती काठी. दिल्लीत कोण देणार दुसरा? मी बोलायला तोंड उघडलं, काय बोलणार होतो ते मलाही माहीत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पिशवीतून एक छोटा पितळी स्क्रू काढला. हवा सोडायला तोच वापरतात.

"बाहर चलें?" तिने विचारलं. "खुले में दिखाती हूँ."

आम्ही तिघं आणि एक महिला जवान अशी बाहेर गेलो, फुटपाथच्या कडेला, गाड्या थांबतात त्याच्या पलीकडे. तिने सिलिंडरचं तोंड सगळ्यांपासून दूर, जमिनीकडे केलं आणि स्क्रू फिरवायला सुरुवात केली. एक आटा, दोन आटे. आता फस्स होईल म्हणून मी कान ताठ केले. काहीच झालं नाही. तिने तो शेवटपर्यंत फिरवला. सिलिंडर गप्प.

मग ती अधिकाऱ्यांना म्हणाली, "हाथ दीजिए."

त्यांनी तळहात पुढे केला. तिने सिलिंडरचं उघडं तोंड त्यांच्या तळहातापासून दोन बोटं अंतरावर धरलं. "हवा लग रही है?"

ते गृहस्थ तळहात तसाच धरून उभे राहिले. मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो आणि मग तिच्या हाताकडे पाहिलं. त्यांची बोटं थोडी हलत होती, कोणाचीही हलतात तशी. तिचा हात हवेत होता, खाली कशाचा आधार नव्हता, हातात जड सिलिंडर होता, आणि तो हलत नव्हता. मी अगदी रोखून पाहिलं. हलत नव्हता.

"नहीं लग रही," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. मग त्यांनी विचारलं, "कितने साल से कर रही हैं?"

"चार."

"और उसके पहले?"

"खून निकालती थी," ती म्हणाली. मग त्यांचा चेहरा पाहून पुढे म्हणाली, "अस्पताल में."

महिला जवान हसली. अधिकारीही हसले, आणि आत येऊन त्यांनी सही केली, शिक्का मारला. पेटी बंद झाली, तिच्यावर दोन पट्ट्या चिकटल्या. सामान नेणारा एक माणूस ती घेऊन निघाला आणि त्याच्या बरोबर एक जवान चालत गेला. बाकी सगळ्यांच्या बॅगा पट्ट्यावरून धडधडत जात होत्या, आमची पेटी तेवढी पहाऱ्यात चालली होती. ते दोघे दारातून दिसेनासे होईपर्यंत बायको उभी राहिली. मुलगी पहिल्यांदा होस्टेलला गेली तेव्हा ती अशीच गेटशी उभी होती.

विमानात मी तिला खिडकी दिली. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा मी पुढच्या सीटला घट्ट धरलं. ती खिडकीला नाक लावून होती. "पाहा," ती म्हणाली. मी तिच्या खांद्यावरून वाकलो. खाली नवा रायपूरचे रुंद रस्ते दिसत होते, एवढे सरळ आणि एवढे मोकळे की जणू कोणीतरी पट्टी ठेवून आखून ठेवलेत आणि माणसं टाकायची राहून गेलीत. मग शेतं सुरू झाली. धान कापून झालं होतं, बांधांची जाळी उरली होती, तिच्यात तळी चकाकत होती. गावागणिक तळं. मी चाळीस वर्षं या मुलुखात राहिलो, पण इथे इतकं पाणी आहे हे मला वरून कळलं.

ढगांच्या वर आल्यावर तिने हळूच विचारलं, "खाली सामानात लय थंडी असत असेल का हो?"

"असेल. काहून?"

"लोखंड आखडते थंडीनं. नेम सरकतो."

तिच्या मनात रायफल होती. सगळं विमान ढगांकडे पाहत होतं आणि ती पायाखालच्या त्या अंधाऱ्या कप्प्याकडे लक्ष ठेवून होती. मी तिला पोळी-भाजी दिली. तिने अर्धी पोळी खाल्ली.

दिल्लीला सामानाच्या पट्ट्याशी आम्ही उभे राहिलो. बॅगा येत गेल्या, माणसं घेऊन जात गेली. आमची कपड्यांची बॅग आली. पेटी आली नाही. पट्टा रिकामा फिरला आणि मग थांबला. रेल्वेत मी हरवलेल्या पार्सलांची इतकी प्रकरणं पाहिली होती की माझ्या डोळ्यासमोर सगळं उभं राहिलं, अर्ज, चौकशी, पोलिस. मी तिला म्हटलं, "आता कसं?"

"विचारून या," ती म्हणाली, "इथं पट्ट्यावर नसतील सोडत ते."

तिचं बरोबर होतं. कोपऱ्यातल्या एका काउंटरमागे एक वयस्क कर्मचारी पेटी पायाशी घेऊन बसला होता. हत्यार पट्ट्यावर सोडत नाहीत, हातात देतात. त्याने कागद तपासले आणि विचारलं, "किसकी है?" ह्या वेळी मी उत्तर द्यायच्या आधीच ती पुढे झाली होती. तिने तिथेच गुडघ्यावर बसून पेटी उघडली, प्रत्येक खाच पाहिली, दोरी पाहिली, आणि पेटी बंद केली. "ठीक आहे," ती मला म्हणाली. तेव्हा कुठे तिने पाणी मागितलं.

स्पर्धा तिसऱ्या दिवशी होती. प्रेक्षकांसाठी मागे खुर्च्या होत्या, मी पहिल्या रांगेत बसलो. एका ओळीत वीसेक बायका उभ्या होत्या, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. कोणी पांढऱ्या केसांची, कोणी गुडघ्याला पट्टा बांधलेली. समोर दहा मीटरवर प्रत्येकीचा काळा गोल, बशीच्या बुडापेक्षाही लहान. त्यात मधोमध दहाचा ठिपका, जो माझ्या जागेवरून दिसतच नव्हता. साठ छर्रे, सव्वा तास, आणि सगळं उभ्याने, पाच किलोची रायफल डाव्या हातावर तोलून.

सरावाचे पहिले छर्रे डावीकडे खाली गेले. प्रत्येकीचे नेम दाखवणाऱ्या पडद्यावर मला ते दिसलं. नेम सरकला होता, ती म्हणाली होती तसाच. तिने रायफल खाली घेतली, नेमाच्या चकतीशेजारची छोटी चाकं दोन-तीन खटके फिरवली, पुन्हा उचलली. पुढचा छर्रा मधे. त्याच्या पुढचा मधे.

मग खरी फेरी सुरू झाली आणि मी असं काही पाहिलं जे मला नीट सांगता येत नाही. ती रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायची, आणि मग हळूहळू तिच्यातली एकेक गोष्ट थांबत जायची. आधी पाय, मग कंबर, मग खांदे. श्वास अर्धा सुटायचा आणि तिथेच राहायचा. तिच्या पाठीवरचं जाकीटही हलत नसे. तेवढ्यात टक्क असा बारीक आवाज व्हायचा. कधी कधी सगळं जमून आल्यावरही ती छर्रा न सोडता रायफल खाली घ्यायची, दोन श्वास घ्यायची, पुन्हा उचलायची. मला वाटलं दमली. नंतर तिने सांगितलं की मनात काही आलं की सोडायचं नसतं. काय येतं मनात, मी विचारलं. काहीही, ती म्हणाली, गॅस बंद केला का, असं.

साठ वेळा तिने हे केलं. बाजूच्या दोघी-तिघी मधे खुर्चीवर बसल्या. ही बसली नाही.

ती पाचवी आली. पदक तिघींना होतं. पण तिचे गुण तिच्या आजवरच्या गुणांपेक्षा जास्त होते, आणि कोचांना फोनवर सांगताना तिने आकडा दोनदा सांगितला. नंतर आम्ही बाहेर चहा घेतला. तिचा डावा हात कपाकडे नेताना थरथरत होता. मी पहिल्यांदाच तिचा हात थरथरताना पाहिला. मी कप धरला आणि ती माझ्या हातातून चहा प्यायली. आजूबाजूला माणसं होती, पण आम्हाला त्याचं काही वाटलं नाही.

रायपूरला परतल्यावर पुढच्या शनिवारी मी तिच्याबरोबर रेंजवर गेलो. आत एक बाक होता, त्यावर बसलो. तिचा सराव संपत आला तेव्हा मी म्हटलं, "मले एकदा धरू देतं का?"

तिने जराही नवल दाखवलं नाही. रायफल माझ्या हातात दिली, माझा डावा कोपर कमरेवर टेकवला, गाल कुठे ठेवायचा ते बोटाने दाखवलं. मी छिद्रातून पाहिलं. समोरचा काळा गोल दिसला आणि लगेच पळाला. मी त्याला पकडायला गेलो, तो दुसरीकडे गेला. मी श्वास रोखला तर माझं काळीज ऐकू यायला लागलं आणि प्रत्येक ठोक्याला गोल उडी मारू लागला. हात भरून आले. पाऊण मिनिटही झालं नसेल. बोट चापापर्यंत गेलंच नाही.

"घे," मी म्हणालो.

तिने रायफल घेतली. "अजून दहा मारून घेतो मी," ती म्हणाली, "मग निघू." आणि ती पुन्हा रेषेवर जाऊन उभी राहिली, पाय थोडे फाकवून. मी बाकावर जाऊन बसलो आणि माझे दोन्ही हात मांडीवर दाबून धरले. पहिला छर्रा सुटेपर्यंत मी श्वास घेतला नाही.